अप्रस्तुत मजकूर

१५ सप्टेंबर

शाळा सुरू झाली. रिवाजाप्रमाणे मुलांनी फुलं दिली. सगळ्यांनी डेलियाच आणले, म्हणजे गावातल्या परसांत यंदा डेलियाखेरीज काही टिकलेलं दिसत नाही. घरी आणून बादलीत ठेवले. एवढ्या फुलदाण्या माझ्याकडे नाहीत, आणि बघायला दुसरं माणूसही नाही. येत्या फेब्रुवारीत माझ्या नवऱ्याला, ल्युबेनला, जाऊन दोन वर्षं होतील.

मुख्याध्यापक ग्रोझेव्ह यांनी बोलावून घेतलं. "कालचेव्हाबाई, काहीतरी नवीन करून दाखवा. जिल्ह्याचे लोक विचारतात, एवढ्याशा मुलांसाठी शाळा कशाला ठेवायची?" मी म्हटलं, रसायनशास्त्रात नवीन कुठून आणू, मूलद्रव्यं तीच आहेत. "ब्लॉग काढा," ते म्हणाले. "बारावीच्या मुलांना विज्ञानावर लिहायला लावा. राजधानीत, सोफियातल्या शाळांत सगळे तेच करतायत."

सोफियाचं नाव काढलं की मला गप्प बसता येत नाही हे त्यांना माहीत आहे. लग्न होऊन या गावात आले त्याला तीस वर्षं झाली, तरी अख्ख्या बल्गेरियात मी एकटीच सोफियाहून आल्यासारखे लोक मला अजून 'सोफियावाल्या बाई' म्हणतात. काढते ब्लॉग.

२९ सप्टेंबर

ब्लॉग म्हणजे काय ते मला वर्गातल्या व्हेन्त्सीनेच शिकवलं, आणि शिकवताना फार दया दाखवली. प्रत्येकाने घरातली एक रासायनिक क्रिया निवडायची, निरीक्षण लिहायचं, मी खाली शेरा द्यायचा. नियम मी फळ्यावर लिहून दिला: मोजल्याशिवाय लिहायचं नाही.

पहिला लेख राडोस्टिनाचा आला. ही माझ्या शेजारच्या त्सानोदादांची नात. आई पोटासाठी परदेशी असते, वडिलांचा कधीपासून पत्ता नाही, म्हणून आजोबांकडे राहते. विषय घेतला होता दुधाचं दही. लिहिते बरी, पण हे काय? "आजोबांनी निळी टोपी घातली होती. स्वयंपाकघराचे पडदे आम्ही बदलले, आता पिवळे आहेत. मांजरीला तीन पिल्लं झाली, त्यातलं एक लंगडं आहे. माझी दाढ आता दुखत नाही." आणि दुधाचं तापमान? 'कोमट'!

मी शेरा दिला: अप्रस्तुत मजकूर काढावा. तापमान अंशांत लिहावं. तिने पडदे, मांजर, टोपी, दाढ सगळं काढलं आणि 'त्रेचाळीस अंश' लिहिलं. लेख एकदम नीटनेटका झाला.

११ ऑक्टोबर

ब्लॉगच्या कडेला जगाचा नकाशा आहे. जिथून कोणी वाचतं तिथे लाल ठिपका उमटतो. आमच्या गावाचा ठिपका आहेच. पण आज एक ठिपका स्पेनमध्ये, पार समुद्रकाठी! व्हेन्त्सी म्हणतो कालही होता, परवाही होता, आणि उघडतो तो राडोस्टिनाचाच लेख. दह्याच्या जिवाणूंवर काम करणारा कोणी शास्त्रज्ञ असणार. त्यांच्या विद्यापीठात आमच्याकडच्या दह्याबद्दल कुतूहल असेलच.

संध्याकाळी कुंपणापाशी त्सानोदादांना सांगितलं. ते लाकडं फोडत होते. म्हणाले, "वा, मास्तरीणबाई! म्हणजे आता आमचं दही समुद्र बघून आलं. मी सत्तर वर्षांत नाही बघितला."

"थट्टा करू नका, त्सानोदादा. विज्ञान आहे ते."

"विज्ञानच की. माझ्या लेकीला सांगितलं पाहिजे, तिकडे असते ना ती. तिथे म्हणे संत्री झाडाखाली पडून सडतात, कोणी उचलतसुद्धा नाही."

मग नेहमीसारखं दोन ओंडके कुंपणावरून माझ्या अंगणात टाकले आणि 'हे वाकडे निघाले, माझ्या चुलीत बसत नाहीत' म्हणाले. त्यांचे ओंडके दर आठवड्याला वाकडे निघतात. हा कुंपणापलीकडचा आवाज नसता तर शाळेबाहेर माझं तोंड उघडायला कारणच उरलं नसतं. रविवारी तर नाहीच.

२४ ऑक्टोबर

त्सानोदादांच्या मागच्या पडवीत भट्टी लागली. आलुबुखाराची राकिया, घरची दारू. दरवर्षीप्रमाणे मलाही हाक मारली. निखाऱ्यात बटाटे भाजले होते, कोबीचं लोणचं होतं. दोन-तीन शेजारी येऊन बसले, खोटंनाटं बोलले, गेले. तांब्याचं मोठं भांडं त्यांच्या वडिलांच्या वेळचं. थंड करायची वेटोळी नळी मात्र ल्युबेनने करून दिलेली. ट्रॅक्टर-दुरुस्तीच्या शेडमध्ये चार दिवस बसून त्याने तिच्या जोडांना डाग दिले होते आणि हाताला भाजून घेतलं होतं. मी त्या नळीकडे बघत बसले. तिच्यातून थेंब पडत होते, आणि मला वाटलं, माणूस गेला तरी त्याच्या हातचं काहीतरी अजून काम करतंय. बरं वाटलं मला. रडूही आलं, पण धुराची सोय होती.

राडोस्टिना वही घेऊन बसली होती. "बाई, पहिली वाटीभर धार फेकून देतात ती का, ते मी लिहू?" मी म्हटलं, अवश्य लिही. भागशः ऊर्ध्वपातनाचं याहून चांगलं उदाहरण पुस्तकातही नाही.

त्सानोदादांनी पहिली बाटली भरून बूच लावलं आणि बाजूला ठेवली. "ही ल्युबेनच्या दिवसाची," म्हणाले. "फेब्रुवारीपर्यंत हिला कोणी हात लावायचा नाही."

२ नोव्हेंबर

राडोस्टिनाचा लेख गेल्या आठवड्यात आला. आधीची धार, मधली, शेवटची, कुठल्या तापमानाला काय उकळतं, सगळं बरोबर. पुन्हा शेपूट होतंच: "आजोबा दमतात पण सांगत नाहीत. बटाटे छान झाले. मी दोन वेळा घेतले." हे काढायला लावलं.

खाली शेरा दिला: उत्तम. पण मात्रा कुठे आहेत? एका वेळी किती लिटर? वर्षातून किती वेळा? भांड्याची क्षमता किती? मांडणीचा फोटो जोडावा.

तिने दोन दिवसांत सगळं जोडलं. फोटोत ल्युबेनची नळी फार सुरेख दिसते. इतक्या वर्षांत विद्यार्थ्याकडून एवढं पूर्ण निरीक्षण मला मिळालेलं नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी मी तोच लेख पाठवला. ग्रोझेव्ह म्हणाले, शाळेचं नाव निघेल.

१८ नोव्हेंबर

निघालं! जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात अर्धं पान. 'आजोबांच्या भट्टीतलं रसायनशास्त्र.' फोटोसकट. मुलीचं नाव, शाळेचं नाव, माझं नाव. ग्रोझेव्हनी ते पान काचेच्या फळ्यावर लावलं. कुंपणापाशी त्सानोदादांना दाखवलं, तेव्हा ते चष्मा लावून बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "फोटो चांगला आलाय." आणि आत गेले. लाकडं तशीच राहिली. थंडी फार होती.

२५ नोव्हेंबर

अबकारी खात्याची गाडी आली. मी शाळेतून परतत होते. त्सानोदादांचं फाटक उघडं होतं आणि पडवीत दोन माणसं. एकाच्या हातात आमच्या ब्लॉगचं छापलेलं पान. तरुणच होता, मी शिकवलेल्या मुलांच्या वयाचा. तो पानावरून मोठ्याने वाचत होता: "एका वेळी किती लिटर? वर्षातून किती वेळा? भांड्याची क्षमता किती?"

तो माझा शेरा होता.

त्सानोदादा म्हणाले, "अहो साहेब, उत्तरं खालीच लिहिली आहेत की. माझी नात हुशार आहे."

नोंद न केलेली भट्टी. आता कायद्याने गावच्या सरकारी परवान्याच्या भट्टीवर जायला हवं होतं म्हणे, आणि कर भरायला हवा होता. गावात कोण जातं तिथे? पण बाकीच्यांचे फोटो कुठे छापून आले नव्हते. त्यांनी भांडं उचललं. नळी खोलून वेगळी घेतली, तिचा एक डाग निखळला. मी कुंपणाशी उभी होते. त्सानोदादांनी माझ्याकडे बघितलं नाही. एवढंच वाईट वाटलं असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. नळी नेली तेव्हा मी कुंपणाची फळी धरून ठेवली होती, गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत.

मी शास्त्रीय प्रश्न विचारले होते. त्यात माझी चूक काय?

९ डिसेंबर

कोणी बोलत नाही. पावाच्या दुकानात शिरले की बायका गप्प होतात. मी पाव मागते, त्या पाव देतात, झालं. त्सानोदादा मी दिसले की घरात जातात. राडोस्टिना वर्गात शेवटच्या बाकावर बसते आणि खिडकीबाहेर बघते.

ब्लॉग मेला. म्हणजे मुलं लिहितात, पण काय लिहितात! 'पाणी शंभर अंशांना उकळलं.' 'मीठ पाण्यात विरघळलं.' व्हेन्त्सी गॅरेजमधल्या बॅटरीवर लिहिणार होता, त्याने 'लिंबू आंबट असतं' असं लिहिलं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, "बाई, घरून सांगितलंय, आपल्या घरातलं काही लिहायचं नाही." सगळ्या गावाने कानाला खडा लावला आहे.

२१ डिसेंबर

रात्रभर बर्फ पडला. सकाळी फावडं घेऊन बाहेर आले, तर माझ्या दारापासून रस्त्यापर्यंत वाट साफ. नगरपालिकेने यंदा बरी व्यवस्था केली आहे. बाकीच्यांच्या दाराशी मात्र बर्फ तसाच होता, बहुतेक त्यांची पाळी नंतर असेल. आभाराची चिठ्ठी कार्यालयात टाकून आले. तिथल्या बाई माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होत्या.

७ जानेवारी

नाताळ, नवं वर्ष, सगळे सण एकटीने काढले. गावात चांगला पाव करायला दोन बायका लागतात, एकीने मळायचा, दुसरीने नावं ठेवायची. मी दुकानातला आणला. माझी स्वतःशीच बडबड वाढली आहे.

एक विचार मनातून जात नाही. एवढ्या गावात कोणी चुगली करणार नाही. सगळ्यांच्या घरी भट्ट्या आहेत. मग बातमी बाहेर गेली कशी? वर्तमानपत्रात आलं ते तर स्पर्धेचं, चांगल्या कामासाठी. आणि तो स्पेनचा ठिपका? रोज संध्याकाळी येतो, नाव सांगत नाही, शेरा देत नाही, फक्त राडोस्टिनाचे लेख उघडतो. अजूनही, नवीन काही नसताना, तोच जुना भट्टीचा लेख. असं गुपचूप कोण बघतं?

११ जानेवारी

लिहिलं. भट्टीच्या लेखाखाली, माझ्या नावानिशी: "स्पेनमधून जे कोणी रोज हा ब्लॉग उघडतं, त्यांनी आपली ओळख द्यावी. लपून वाचणं सभ्य माणसाला शोभत नाही. तुमच्यामुळे आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाची बदनामी झाली आहे."

१४ जानेवारी

ठिपका गायब. तीन संध्याकाळी आला नाही. म्हणजे माझा संशय खरा. चोराला पकडल्याचा आनंद फार वेळ टिकला नाही, कारण सांगायला कोणी नव्हतं. त्सानोदादांना ओरडून सांगावंसं वाटलं की बघा, मी नव्हते, तो होता! त्यांच्या धुराड्यातून धूर येत होता. हाक मारली नाही.

१९ जानेवारी

तास संपला. सगळे गेले, राडोस्टिना थांबली. तोंड लाल झालेलं.

"बाई, तुम्ही तो शेरा का लिहिलात?"

"कारण तो कोण आहे हे सांगत नाही. तुझ्या आजोबांना त्यानेच—"

"ती माझी आई आहे!"

 ती रडत नव्हती, ओरडत होती. "एका म्हातारीला सांभाळते ती तिथे. म्हातारी झोपली की तिच्या मुलाच्या कम्प्युटरवर थोडा वेळ बसायला मिळतं. फोनवर आम्ही दोघी नुसतं 'बरी आहे, बरी आहे' करतो, मग फोन ठेवून मी रडते आणि तीपण रडते. म्हणून मी ब्लॉगवर लिहायचे. पडदे, मांजर, दाढ. ते तिच्यासाठी होतं. तुम्ही प्रत्येक वेळी काढायला लावलंत."

"मग तू मला सांगायचं नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असतात, हा रसायनाचा ब्लॉग आहे."

म्हणाले असते. अगदी हेच म्हणाले असते.

"आता ती उघडतच नाही," राडोस्टिना म्हणाली. "तिला वाटतंय, तिच्या वाचण्यामुळेच आजोबांच्या घरी माणसं आली. फोनवर मला म्हणते, मी वाचलं नसतं तर बरं झालं असतं. रोज तेच म्हणते."

"तिच्यामुळे नाही," मी म्हटलं. आणि ते म्हणताना माझ्या लक्षात आलं की पुढचं वाक्यही मला म्हणावं लागेल. "लेख जिल्ह्याला मी पाठवला. लिटर मी विचारले. फोटो मी मागितला. आईला सांग, बाईंमुळे झालं."

ती दप्तर उचलून गेली. मी वर्गात बसून राहिले. सफाईवाल्या बाई दिवा घालवायला आल्या तेव्हा उठले.

२३ जानेवारी

माझा शेरा पुसून टाकला. त्याच्या जागी माफी लिहिली. दोन ओळी लिहायला सारी दुपार गेली. चुकीचं उत्तर खोडणं मला आयुष्यभर सोपं वाटलं, कारण ते नेहमी दुसऱ्याचं असायचं.

ठिपका नाही.

३ फेब्रुवारी

ठिपका नाही. माफी वाचायला तिने ब्लॉग उघडला तर पाहिजे. राडोस्टिना म्हणते, फोनवर सांगितलं, पण ती म्हणाली, नको गं, पुन्हा कुणाला त्रास व्हायचा.

पुन्हा बर्फ. नगरपालिकेची वाट पुन्हा साफ. शेजारच्या कोणाच्याही दाराशी वाट नाही. एवढी कार्यक्षमता या कार्यालयात पूर्वी कधी नव्हती.

१२ फेब्रुवारी

ल्युबेनचा दिवस. फोटोचं पत्रक परवाच फाटकाला आणि चौकातल्या खांबाला लावलं होतं, 'दोन वर्षं तुझ्याविना', म्हणजे गावाला आमंत्रण पोचलं. सकाळी, गेलेल्याच्या नावाने थडग्यापाशी वाटायचे गहू शिजवले, साखर आणि अक्रोड घातले. पुष्कळ केले. किती माणसं येतील कोणास ठाऊक, असं मनाशी म्हणत केले, पण मला ठाऊक होतं.

दफनभूमीत कोणी नव्हतं. थडग्यावरचा बर्फ हातमोज्याने झाडला, मेणबत्ती लावली. वाऱ्याने दोनदा विझली. पातेलं बाजूला ठेवून उभी राहिले. ल्युबेन, तुझी नळी नेली रे, असं मोठ्याने म्हटलं. माझ्यामुळे नेली.

मागून आवाज आला. "नेली तर नेली. डाग तसाही कच्चाच होता."

त्सानोदादा चढ चढून आले होते, धापा टाकत. निळी टोपी. मागे राडोस्टिना, हातात पाव. त्सानोदादांनी कोटाच्या आतून बाटली काढली, बूच उपटलं. आधी जमिनीवर ओतली, ल्युबेनसाठी, मग माझ्यापुढे धरली.

"अहो, ही त्यांना सापडली नाही?"

"तुम्ही हिचा फोटो काढायला सांगितला नव्हता, मास्तरीणबाई."

मी हसले आणि मग रडले, आणि या वेळी धुराची सोय नव्हती. ते दुसरीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "पुरे. वर्षभर बोलायचं नाही असं ठरवलं होतं मी. पण कुंपणापाशी एकट्याने लाकडं फोडायला फार कंटाळा येतो. थट्टा कुणाची करायची?"

मी त्यांना गहू दिले. राडोस्टिनाने दोन वेळा घेतले.

१३ फेब्रुवारी

रविवार आहे, पण ग्रोझेव्हकडून किल्ली घेतली आणि राडोस्टिनाला घेऊन शाळेच्या कम्प्युटरवर बसले. आधी तिच्याकडून आईला फोन करवला, एवढंच सांगायला की उघड, आज बाई स्वतः लिहितायत. मग ब्लॉगवर माझा स्वतःचा पहिला लेख लिहिला. विषय: गहू शिजताना पिष्टमय पदार्थाचं काय होतं. खाली पुढचा मजकूर:

"त्सानोदादांनी निळी टोपी घातली होती. चढ चढताना दम लागला, पण ते सांगत नाहीत. राडोस्टिनाने करड्या रंगाचा स्वेटर घातला होता, बाह्या आखूड झाल्या आहेत, म्हणजे ती उंच झाली. गहू दोन वेळा घेतले. लंगडं मांजर आता कुंपणावर चढतं. पडदे अजून पिवळेच आहेत. तुमच्या मुलीचा पहिला लेख मी बिघडवला होता, तो तिने पहिल्यासारखा करून ठेवला आहे, तोही वाचावा."

मग आम्ही नकाशाकडे बघत बसलो. राडोस्टिना नखं खात होती. मी तिला ओरडले नाही.

ठिपका आला. समुद्रकाठी, होता तिथेच.

राडोस्टिनाने बाहीला डोळे पुसले. मग माझा लेख वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "बाई, दफनभूमीतली बाटली राहिली. आणि गव्हाच्या मात्रा लिहिल्याच नाहीत तुम्ही. किती गहू, किती पाणी?"

"राहू दे," मी म्हटलं.